काजूच्या काट्यावर

शनिवारी बायका हाताला लागलेला चीक
राखेने घासून घरी गेल्या
की कारखान्यात उरतो मी, पास्कोल,
आणि गोणी तोलणारा लोखंडी काटा.
बावीस वर्षं मी त्याच्यावर दुसऱ्यांचं वजन लिहिलं.
स्वतः चढलो
ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या आठवड्यात:
साखर उंबरठ्यावर उभी आहे, खवणेकर,
आत घ्यायची की नाही, तुम्ही ठरवा.

एक्याण्णव.
पास्कोलने दाराच्या मागे खडूने लिहिलं
आणि हसला. पोट धरून हसला.

बाईंनी छापील कागद दिला होता.
त्यात भात नव्हता, मासा नव्हता,
नारळाचा न सुद्धा नव्हता.
त्या कागदावर वेंगुर्लंच नव्हतं.
तरी एकोणीस दिवस पाळला.
विसाव्या रात्री साडेअकराला
फ्रीजच्या उजेडात उभ्याने
टोपातला गार भात खाल्ला, सोलकढी ओतून,
चोरासारखा, स्वतःच्याच घरात.

हेमलता उठली. काही बोलली नाही.
सकाळी कागद उलटा करून
मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीने आमचं घर लिहायला बसली.
भाताचा डाव काढून ठेवला,
करवंटीची लहान डवली आणली: दोनदा, तिसऱ्यांदा नाही.
बांगडा राहील, पण तव्यावर, तेल पुसण्यापुरतं.
वाटपाला अर्धा नारळ जायचा, तिथे मूठभर.
ताटाचा अर्धा भाग लाल भाजीचा, पडवळाचा,
आवडो न आवडो.
कुळथाची पिठी रात्री, आणि रात्र म्हणजे साडेसात.
जत्रेतलं खाजं? मी विचारलं.
तिने विचार केला. खाजं खा, म्हणाली,
पुडी घरी आणू नको.

स्कूटर पडवीत गोणपाटाखाली गेली.
उभादांड्यापासून कारखाना पावणेतीन किलोमीटर;
पहिल्या महिन्यात वाटेतला प्रत्येक दगड
मला नावानिशी ओळखायला लागला.
दम लागला की सुरूच्या सावलीत
चपलेतली वाळू झाडायचं निमित्त.
दारामागे खडूचे आकडे
इतके हळू उतरत होते
की ओहोटीलासुद्धा कंटाळा यावा.

मग चतुर्थी आली. अकरा दिवस.
बहिणीकडचे मोदक, काकीच्या पातोळ्या,
नाही म्हणायला तोंड लागतं, ते माझ्यापाशी नव्हतं.
त्या शनिवारी मी काट्याकडे पाठ करून
कुलूप शोधत राहिलो.
पास्कोल म्हणाला, चढ.
अडीच किलो वर.
मी म्हटलं, संपलं. वर्षाची मेहनत पाण्यात.
त्याने एका गोणीवर थाप मारली.
"मेल्या, काजू भिजलो काय जड होताच.
म्हणान कोण तो दर्यात टाकता?
उन्हात घालूचो, आणि काय."

एवढंच.
उन्हात घातला.

आता चौदा महिने अठ्ठ्याहत्तर.
कधी एकोणऐंशी, पुन्हा अठ्ठ्याहत्तर.
सुरुवातीला लोक विचारायचे, आजारी होतास काय?
मग म्हणायचे, वा.
आता कुणीच काही म्हणत नाही.
उतरणाऱ्या आकड्याला टाळ्या असतात,
थांबलेल्याला नसतात.
आणि खरं काम तर हेच निघालं:
रोज तीच डवली, तोच रस्ता,
दांडी मधोमध तरंगत ठेवायची.

परवाच्या शनिवारी मी उतरलो
आणि पास्कोल, न सांगता, वर चढला.
माप सरकवलं. आणखी सरकवलं.
दांडी स्थिर झाली तेव्हा
आम्ही दोघेही तिच्याकडेच बघत होतो.
"लिव नको," तो म्हणाला.
मी खडू खिशात ठेवला.

सोमवारी तो चालत आला, घामाने निथळत.
लूना बिघडली, म्हणाला.
संध्याकाळी त्याचा मुलगा
तीच लूना फटफटवत
बंदराकडे गेला.
आम्ही दोघांनी पाहिली.
मी म्हटलं, उद्या सातला निघतो मी,
सुरूच्या झाडापाशी थांबेन.